सुनेची ज्यूरी

"अगं, आहेस का गं? कढीपत्ता दे चार काड्या. आणि जरा थांब, एक विचारायचंय."

काकूंच्या परसात स्वतःचं कढीपत्त्याचं झाड आहे, माझ्या झाडापेक्षा उंच. त्यामुळे त्या कुंपणापाशी येऊन कढीपत्ता मागायला लागल्या की फोडणीशी त्याचा काही संबंध नाही, हे मला कळतं. मी नळ बंद केला.

"कोर्टातलं आहे," काकू आवाज खाली आणून म्हणाल्या. "आमच्या सूनबाईंचं."

"काय झालं?"

"घाबरू नकोस, तसलं काही नाही. तिकडे इंग्लंडात तिला ज्यूरीत बसवलं. पासपोर्ट अजून आपलाच, तरी बोलावलं! चिठ्ठी आली म्हणे घरी."

मी म्हटलं, त्यात नवल नाही. तिथली ज्यूरी मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून काढतात आणि कॉमनवेल्थ देशांतल्या लोकांना तिथे मतदार होता येतं. यादीत नाव आणि काही वर्षांचं वास्तव्य असलं की कुणाचाही नंबर लागतो. बारा जण. शिक्षण बघत नाहीत, कायदा येतो का विचारत नाहीत.

"ते जाऊ दे. ती रोज कोर्टात जायची आणि मी रोज रात्री फोन करायची. काय गं, चोरीचं आहे का खुनाचं? तर म्हणे, आई, मला बोलता येत नाही. अगं, मी सासू आहे! पोराला विचारलं, तर तो म्हणाला, मलाही सांगत नाही."

"बरोबर आहे तिचं. खटला चालू असताना घरच्यांशीसुद्धा त्यावर बोलायचं नाही, मोबाइलवर आरोपीचं नाव शोधायचं नाही. आणि बंद खोलीत बारा जणांत कोण काय म्हणालं, हे तर खटला संपल्यावरही बाहेर फोडायचं नाही. फोडलं तर तुरुंग."

काकूंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे त्या देशात आपलं काही खरं नाही," त्या म्हणाल्या.

आतून काका खोकले. ते पेपर वाचत असतात असा समज आहे. प्रत्यक्षात कुंपणापाशी जे बोललं जातं, त्यातला एक शब्द त्यांच्याकडून सुटत नाही.

"पण आता संपलं ना," काकू म्हणाल्या, "तर भर कोर्टात जे झालं तेवढं तिनं सांगितलं. ते ऐक. तिसऱ्या दिवशी सरकारी वकिलाचे साक्षीदार संपले. मग आरोपीचा वकील उठून म्हणाला, मला कायद्याचा मुद्दा मांडायचाय. तर ह्या बाराही जणांना बाहेर काढलं. तास गेला, दीड तास गेला, मशीनची कॉफी प्यायले बिचारे. मग आत बोलावलं आणि जज म्हणाले, पुरावा पुरेसा नाही, तेव्हा मी सांगतो म्हणून निर्दोष म्हणा. पुढच्या रांगेतल्या एकाला उभं केलं. कारकुनानं विचारलं, दोषी की निर्दोष? तो म्हणाला, नॉट गिल्टी. झालं! मग मला सांग, ह्या बारा जणांना बोलावलं कशाला? सुट्ट्या काढायला लावल्या, आणि शेवटी पोपटासारखं म्हणवून घेतलं."

काकूंचा हा प्रश्न मला आवडला. आमच्या बार रूममध्ये इतका नेमका प्रश्न ऐकायला मिळत नाही.

"काकू, त्याला कारण आहे. सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर जज स्वतःशी एक हिशेब करतो. हे सगळे साक्षीदार अगदी खरे धरले, तरी शहाण्या ज्यूरीला ह्यावर दोषी ठरवता येईल का? येत नसेल तर त्यानं खटला तिथंच थांबवायचा. 1981 सालच्या गॅलब्रेथ नावाच्या खटल्यापासून तिथे हाच नियम धरतात. साक्षीदार खरं बोलतो का खोटं, हे मात्र जजनं ठरवायचं नाही. ते ज्यूरीचं काम."

"मग स्वतःच सोडायचं ना. त्या माणसाला उभं कशाला केलं?"

"निकाल ज्यूरीच्या तोंडून आला पाहिजे, ही रीत. अमेरिकेत ती मोडली. तिथे जज स्वतःच निर्दोष म्हणून मोकळा करतो, ज्यूरीनं दोषी ठरवल्यावरसुद्धा करू शकतो."

"आणि उलटं?"

"म्हणजे?"

"म्हणजे जज म्हणाला, पुरावा अगदी ठणठणीत आहे, उठा आणि दोषी म्हणा. तसं म्हणता येतं?"

नाही. गंमत तीच आहे. आरोपीला सोडा असा हुकूम जजला देता येतो, अडकवा असा देता येत नाही. मग मी काकूंना तलवारीची गोष्ट सांगितली. 2002 साली इंग्लंडात क्लॅक्टन नावाच्या गावाच्या स्टेशनवर एका माणसाची पिशवी चोरीला गेली. पोलिसांना पिशवी सापडली, त्यात एक वाकडी तलवार आणि एक गुरखा पद्धतीचा सुरा. सार्वजनिक ठिकाणी असलं पातं बाळगायचं तर सबळ कारण लागतं. तो म्हणाला, मी बौद्ध आहे, शाओलिनची युद्धकला शिकतो, सराव करायला म्हणून बरोबर ठेवतो.

"ज्याची पिशवी चोरीला गेली त्यालाच धरला?"

"त्यालाच. आणि जज म्हणाले, हे काही कारण होत नाही, ज्यूरीनं दोषी म्हणावं. ज्यूरी म्हणाली, दोषी. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. 2005 साली तिथे ठरलं की दोषी ठरवा असं ज्यूरीला सांगायचा अधिकार जजला कोणत्याही परिस्थितीत नाही. त्याची शिक्षा रद्द झाली."

"कारण पटलं म्हणून?"

"छे. कारण पटण्यासारखं आहे का, हे बारा जणांनी ठरवायला हवं होतं, म्हणून. त्यांनी कदाचित दोषीच म्हटलं असतं."

काकूंना हे मनापासून पटलं नाही. त्यांच्या मते स्टेशनवर तलवार घेऊन हिंडणाऱ्या माणसाला ज्यूरी कशाला हवी. पण पिशवी चोरणाऱ्याचं काय झालं, हे त्यांनी दोनदा विचारलं.

पूर्वीच्या काळी जज सांगत नसत, सरळ उपाशी ठेवत. 1670 साली लंडनमध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड ह्या दोन क्वेकर पंथीयांवर खटला झाला. त्यांच्या प्रार्थनामंदिराला सरकारनं टाळं लावलं, म्हणून ग्रेसचर्च स्ट्रीटवर रस्त्यातच प्रवचन केलं, एवढाच गुन्हा. ज्यूरी म्हणाली, पेन बोलला हे खरं. बेकायदा जमाव जमवला, हे म्हणायला ती तयार होईना. कोर्टानं तिला कोंडून ठेवलं. जेवण नाही, पाणी नाही, शेकोटी नाही, तंबाखूसुद्धा नाही.

"आणि शौचाला?"

"त्याचंही भांडं दिलं नव्हतं, असं लिहून ठेवलंय."

"अगं बाई!"

दोन रात्री काढल्या त्यांनी. तरी निर्दोषच म्हणाले. तेव्हा प्रत्येकाला चाळीस मार्क दंड झाला आणि दंड भरेपर्यंत न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं. त्यातल्या एडवर्ड बुशेलनं दंड भरला नाही. त्यानं अर्ज केला, आणि सरन्यायाधीश व्हॉन यांनी त्याला सोडताना सांगितलं की निकाल आवडला नाही म्हणून ज्यूरीला शिक्षा करता येत नाही. हा पेन म्हणजे पुढे अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया वसवणारा. लंडनच्या ओल्ड बेलीत त्या ज्यूरीच्या नावानं दगडी पाटी लावली आहे. 2023 साली एक निवृत्त समाजसेविका असाच मजकूर फलकावर लिहून दुसऱ्या एका कोर्टाबाहेर उभी राहिली, ज्यूरीला आपल्या सद्सद्विवेकाप्रमाणे सोडायचा हक्क आहे म्हणून. तर तिच्यावरच कोर्टाच्या अवमानाची कारवाई करायला निघाले! पुढच्या वर्षी हायकोर्टानं ती होऊ दिली नाही. म्हणजे पाटी भिंतीवर चालते, हातात धरली की पोटात दुखतं.

"म्हणजे तिथला जज बिचारा हात बांधून बसतो," काकू म्हणाल्या.

"कुठला बिचारा!"

इथे मी कुंपणाच्या आणखी जवळ गेले, कारण माझ्या मते खरी गोम इथेच आहे. ज्यूरी आत जाण्याआधी जज तिला समजावून सांगतो. कायदा काय, पुरावा कोणता, कोणत्या मुद्द्याचा भार कोणावर. हल्ली तर तिकडे प्रश्नांची यादीच छापून हातात देतात. पहिल्या प्रश्नाला नाही म्हणालात तर आरोपी निर्दोष, हो म्हणालात तर दुसऱ्या प्रश्नाकडे जा. हुकूम नाही, पण वाट आखून दिलेली. आणि जजला चलाखी करायची असेल तर ती इथे होते. कायद्याची व्याख्याच अशी करायची की ज्यूरीला पाय ठेवायला दुसरी जागा उरू नये. 1985 साली क्लाइव्ह पाँटिंग नावाच्या सरकारी अधिकाऱ्यावर गोपनीय कागद खासदाराला दिल्याचा खटला झाला. ब्रिटिशांनी बेलग्रानो हे अर्जेंटिनाचं जहाज बुडवलं, त्याबद्दलचे कागद. तो म्हणाला, मी देशाच्या हितासाठी दिले. जजनं ज्यूरीला सांगितलं, देशाचं हित म्हणजे आजचं सरकार म्हणेल ते. संपलं ना मग! तरी ज्यूरीनं त्याला सोडलं.

"वा!"

"आणि आपल्याकडे टिळकांना सोडलं नाही."

आतून पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. काका व्हरांड्यात आले. टिळकांचं नाव निघाल्यावर आत बसून राहणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. "एकोणीसशे आठ," ते म्हणाले. "न्यायमूर्ती दावर. सात विरुद्ध दोन. सहा वर्षं मंडाले."

"ते दुसरं, काका. मी 1897 चं म्हणतेय."

प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर टिळकांवर झालेला तो पहिला राजद्रोहाचा खटला. मुंबई हायकोर्ट, न्यायमूर्ती स्ट्रॅची, नऊ जणांची ज्यूरी. सहा युरोपियन, तीन हिंदी. कलमात शब्द होता डिसअफेक्शन. स्ट्रॅचीसाहेबांनी ज्यूरीला समजावलं की सरकारबद्दल अफेक्शन नसणं म्हणजे डिसअफेक्शन. द्वेष, शत्रुत्व, नावड, तिरस्कार, सगळं त्यात आलं. आता ज्या सरकारनं प्लेगात घरात शिपाई घुसवले त्याच्याबद्दल पुण्यात प्रेम कुणाला होतं? त्या व्याख्येनं अर्धं पुणं आत गेलं असतं. सहा युरोपियन म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले निर्दोष. हायकोर्टातल्या सेशन्सला किमान सहा जणांचं एकमत आणि जजची संमती लागायची. बरोबर सहा भरले. दीड वर्ष सक्तमजुरी. पुढच्याच वर्षी सरकारनं ते कलम बदलून मोठं केलं. आणि काकांना हवंय ते, 1897 ला टिळकांच्या जामिनासाठी हायकोर्टात उभे राहिलेले बॅरिस्टर हेच दावर. अकरा वर्षांनी ते जजच्या खुर्चीत बसले आणि टिळक पुन्हा समोर.

"हे मला ठाऊक होतं," काका म्हणाले. त्यांना ठाऊक नव्हतं, हे काकूंच्या चेहऱ्यावरून कळलं.

"बरं, मग त्या पारशाचं काय?" काकूंनी विचारलं. "तो अक्षयकुमारचा सिनेमा. त्यात सुटतो की तो, सगळे टाळ्या वाजवतात."

"सिनेमात सुटतो. खरा नानावटी ज्यूरीच्या हातून सुटला, पण घरी गेला नाही."

काकांनी खुर्ची कुंपणापाशी ओढून आणली. 1959 ला ते गिरगावात मामांकडे शिकायला होते. त्यामुळे ह्या खटल्यावर त्यांचा वतनी हक्क आहे. ब्लिट्झ साप्ताहिकाचे अंक कसे हातोहात खपायचे, त्याचे संपादक करंजिया नानावटीच्या बाजूनं कसे पेटले होते, फेरीवाले आहुजा टॉवेल म्हणून पंचे कसे विकायचे, हे त्यांनी सांगितलं. काकूंनी ते ऐकलेलं आहे. मीही.

मूळ हकीकत सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगताना रंगतेच. कमांडर कावस नानावटी, आयएनएस म्हैसूरवरचा मोठा अधिकारी. बायको सिल्व्हिया, इंग्रज. तिनं 27 एप्रिलला कबूल केलं की प्रेम आहुजाशी आपलं सूत जुळलंय. नानावटीनं बायकोला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, बोटीवर जाऊन रात्री एकट्यानं मोटारीनं अहमदनगरला जायचंय म्हणून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आणि नगरच्या ऐवजी आहुजाच्या घरी गेला. आहुजा नुकताच न्हाऊन बाहेर आलेला, कमरेला पंचा. तीन गोळ्या. बचाव असा की झटापटीत रिव्हॉल्व्हर उडालं. सरकार पक्ष म्हणाला, झटापट झाली तर पंचा जागेवर कसा?

"तेच तर मी म्हणते," काकू म्हणाल्या. "आमचे हे नुसते जिना उतरले तरी लुंगी आवरावी लागते."

काका काही बोलले नाहीत.

ज्यूरी नऊ जणांची. आठ म्हणाले निर्दोष, एक म्हणाला दोषी. आता आपल्या जुन्या फौजदारी कायद्यात, 1898 च्या, इंग्लंडसारखंच एक कलम होतं. पुरावाच नसेल तर जजनं ज्यूरीला निर्दोष म्हणा असं सांगायचं, तुमच्या सुनेच्या जजनं सांगितलं तसं. आणि आपल्याकडे दोषी म्हणा असं सांगायची सोय नव्हती. पण इंग्रजांचा आपल्या ज्यूरीवर तिथल्याइतका भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी एक मागचं दार ठेवलं, कलम 307. सेशन्स जजला निकाल अजिबात मान्य नसेल आणि न्यायासाठी गरज वाटली तर त्यानं शिक्षाही द्यायची नाही, सोडायचंही नाही. आपली कारणं लिहायची आणि कागद हायकोर्टाकडे पाठवायचे. हायकोर्टानं ज्यूरीचं आणि जजचं दोघांचं मत विचारात घेऊन सगळा पुरावा नव्यानं बघायचा.

सेशन्स जज रतिलाल मेहतांनी तेच केलं. हायकोर्टात न्यायमूर्ती शेलत आणि नाईक. 11 मार्च 1960 ला त्यांनी नानावटीला खुनाबद्दल जन्मठेप दिली. सुप्रीम कोर्टानं 1961 च्या नोव्हेंबरात ती कायम केली.

"म्हणजे मेहता जिंकले," काकू म्हणाल्या.

"अर्धे. कारण हायकोर्टानं मेहतांचे पण कान धरले. अपघात कायद्यात कशाला म्हणतात, तो बचाव सिद्ध करायचा भार आरोपीवर असतो, हे त्यांनी ज्यूरीला नीट समजावलंच नव्हतं. ज्यूरी चुकली ती जजच्या बोलण्यामुळे पण चुकली, असा त्याचा अर्थ."

काका म्हणाले, "म्हणजे चुकीचं शिकवायचं, आणि मग पोरं नापास झाली म्हणून हेडमास्तरकडे न्यायची."

हे बरोबर बोलले काका. तरी मला 307 वाईट वाटत नाही. वकील मंडळी म्हणतात, त्या कलमानं ज्यूरीला काही अर्थच ठेवला नाही. मी म्हणते, निदान उघड होतं. जजला ज्यूरीशी वाकडं घ्यायचं असेल तर त्यानं सही करून, कारणं देऊन घ्यायचं, आणि ती कारणं वरच्या कोर्टानं तपासायची. त्यातूनच मेहतांची चूक सापडली. स्ट्रॅचीसाहेबांना कुणापुढे काही लिहून द्यावं लागलं नाही. त्यांनी नुसतं बोलून सहा जणांना हवं तिथे नेलं, आणि कागदोपत्री तो ज्यूरीचा निकाल. टिळकांनी प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागितली, तर अपिलाची परवानगीही मिळाली नाही.

"आता आपल्याकडे ज्यूरी नाहीच ना?" काकूंनी विचारलं.

"फौजदारीला नाही. लोक म्हणतात नानावटीच्या खटल्याबरोबर ती संपली, पण तसं नाही. त्यानंतरही देशात काही ठिकाणी चालू होती. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं पूर्ण गेली. एक शेपूट राहिलंय, पारशांच्या घटस्फोटाचं. तिथे अजून समाजातली माणसं डेलिगेट म्हणून जजबरोबर बसतात."

"बघा! घरच्या भांडणात माणसं लागतातच. पण मग त्या नानावटीचं शेवटी काय झालं? जन्मठेप भोगली?"

"कुठली. हायकोर्टानं शिक्षा दिली त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाशांनी ती स्थगित केली, नौदलाच्या ताब्यातच राहू दे म्हणाले. त्यावर सुप्रीम कोर्टात वेगळी लढाई झाली. आणि 1964 ला राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. पुढे सगळं कुटुंब कॅनडाला गेलं."

"सिल्व्हियासुद्धा?"

"सिल्व्हियासुद्धा."

"चांगलं झालं," काका म्हणाले. "मी ज्यूरीत असतो तर मीपण सोडला असता. लष्करी माणूस, बायकोनं असं केलं, काय करणार?"

काकू त्यांच्याकडे वळल्या. "काय करणार म्हणजे? मेट्रोला पोरांना सोडून, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणलं ना? मध्ये एवढा वेळ गेला ना? राग आला तर माणूस तिथंच ताट आपटतो. बोटीवर जाऊन सही करून गोळ्या घेत नाही. मी असते तर तो एक जण म्हणाला तेच म्हटलं असतं. दोषी."

(ह्याला कायद्यात गंभीर आणि अचानक प्रक्षोभ म्हणतात. सुप्रीम कोर्टानं जवळजवळ हेच कारण देऊन तो बचाव फेटाळला. काकूंनी निकालपत्र वाचलेलं नाही.)

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला पंचा कळतो."

एकास एक. दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"तू सांग," काका म्हणाले. "वकीलच आहेस. सोडायचा का अडकवायचा?"

मी म्हटलं, मी आपली मेहतांसारखी कारणं लिहून वर पाठवीन.

"म्हणजे तूही सांगणार नाहीस," काकू म्हणाल्या. "सून परवडली. तिच्यावर निदान कायद्याची बंदी आहे."